पोट्ट्याले झोप लागते का?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मानसिक आरोग्याचा विषय काढला की सगळ्यांच्या डोळ्यासमोर एकच माणूस येतो, चाळीस-पन्नासचा, कर्जात बुडालेला कापूसवाला शेतकरी. त्याच्यावर पेपरात छापून आलं, पथकं आली, समित्या आल्या, पुढारी सतरंजीवर बसून चहा पिऊन गेले. ते यायलाच पाहिजे होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच घरात मागच्या खोलीत एक सतरा वर्षांचं पोट्टं बसलेलं असतं, अकरावीला किंवा आयटीआयला, आणि त्याला कोणीच काही विचारत नाही. बापानं आत्महत्या केली की त्याची फाईल तहसीलला जाते, पात्र की अपात्र हे समिती ठरवते, पात्र ठरली तर एक लाखाची मदत, थोडी हातात आणि बाकीची ठेव म्हणून. बापाचं मरण पात्र ठरायची वाट पाहत बसलेलं ते लेकरू रात्री झोपतं का, हा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

मी ज्युनिअर कॉलेजला मराठी शिकवतो. गाव पांढरकवड्याच्या पट्ट्यात, घरी थोडी कोरडवाहू. संध्याकाळी गावातल्या अभ्यासिकेत बसतो, ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत आम्ही काही जणांनी मिळून ती सुरू केली, चार टेबलं, एक पंखा, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा. माझी मोठी वहिनी गावातच आशा आहे. म्हणजे सकाळी मला सोळा-सतराची पोरं दिसतात, संध्याकाळी वीस ते अठ्ठावीसची, आणि रात्री जेवताना वहिनीचं बोलणं कानावर पडतं (नाव ती कोणाचंच सांगत नाही, आणि मी विचारलेलं तिला आवडतही नाही). या तीन ठिकाणांहून मिळून जे दिसतं तेच लिहून राहिलो. ज्या पोरापोरींबद्दल खाली लिहिलंय त्यांची ओळख लागू नये म्हणून थोडं इकडचं तिकडे केलंय.

आमच्याकडं कोणतंच पोट्टं मला नैराश्य आलंय म्हणत येत नाही. ते डोकं घेऊन येतं. डोकसं जड पडते, छातीत धडधड होते, हातपाय गळून जातात, पोटात गोळा येते, कायातच मन नाई लागत. वर्गात मागच्या बाकावर डोकं टेकवून पडलेलं असतं. घरी आईवर खेकसतं, ताट सरकवून देतं, लहान भावाला मारतं. मोठ्या माणसाची उदासी रडण्यातून नाहीतर गप्प बसण्यातून दिसते, पण या वयात ती पुष्कळदा चिडचिडीतून बाहेर पडते, आणि इथंच सगळा घोळ होतो कारण चिडणाऱ्या पोराची कोणाला दया येत नाही. माय म्हणते पोट्टा बिघडला, बाप म्हणतो मोबाईलनं बिघडला, मास्तर म्हणतात लक्ष नाही. मग मेडिकलमधून डोकेदुखीची गोळी आणतात, ती चालली नाही की डॉक्टरकडं जाऊन सलाईन लावून घेतात, सलाईननं दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग कोणीतरी म्हणतं बाहेरचं असेल. मग लिंबू, मग भगत, मग एखाद्या दर्ग्यावर गुरुवार. आणि या सगळ्या फेऱ्यात सहा-आठ महिने निघून जातात, कधी वर्ष, तेच वर्ष नेमकं बारावीचं असतं.

अभ्यासिकेतल्या मोठ्या पोरांचं दुखणं थोडं वेगळं आहे. ती बिघडली आहेत असं कोणी म्हणत नाही, उलट शाबासकी देतात, पोरगा तयारी करून राहिला म्हणून. पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यावर त्यांचे पाय वाजतात. पोलीस भरतीचं ग्राऊंड ५० मार्कांचं, लेखी १०० मार्कांची, पोरांना १६०० मीटर धावायचं, १०० मीटर, गोळा. स्टॉपवॉच एकाकडं असतं, बाकीचे ओरडून वेळ विचारतात. धावताना फार छान दिसतात ती पोरं. पण ओपनवाल्याला वय २८ पर्यंत आणि राखीववाल्याला ३३ पर्यंत, आणि भरती कधी निघेल याचा नेम नाही, म्हणून प्रत्येकाच्या डोक्यात एक कॅलेंडर चालू असतं, मागच्या वेळी दोन मार्कांनी राहिलो, पुढची निघेपर्यंत माझं वय किती होईल. घरी पाहुणे आले की पोरगा काय करतो या प्रश्नाला तयारी करतो हे उत्तर पहिली दोन वर्षं चालतं. नंतर तेच उत्तर देताना आई आवाज खाली घेते आणि पोराला ते दुसऱ्या खोलीतून ऐकू येतं. बरं शेती करतो म्हणावं तर लग्नाला मुलगी मिळत नाही. तीन एकर कोरडवाहूवाल्याला कोणी मुलगी देत नाही हे काही लपून राहिलेलं नाही, गावोगावी तिशी ओलांडलेली पोरं आहेत, त्यांना पारावर काय काय ऐकावं लागतं ते मी लिहीत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी होता, धावण्यात पहिला. लेखीत राहिला, पुन्हा राहिला, मग अभ्यासिकेत यायचा बंद झाला. मित्र म्हणाले सर तो झोपलेलाच राहतो दिवसभर. बाप म्हणाला ऐदी झाला. वहिनी त्याच्या आईचं बीपी पाहायला गेली होती, तो बाजेवर पडलेला, तोंडावर दुपट्टा. तिनं टेन्शन आहे का, प्रॉब्लेम काय असलं काही विचारलं नाही.

"तुले झोप लागते का रे बाबू?"

"लागते न काकू. पहाटे पहाटे."

"मंग रातभर काय करतं?"

"काई नाई. पडून रायतो. इचार येतात."

आणि मग तो बोलायला लागला, अर्धा-पाऊण तास. आई चुलीपाशी हात थांबवून ऐकत होती, तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं की आपलं पोरगं चार महिने रात्री झोपलेलंच नाही.

हे मला वहिनीनं अगदी थोडक्यात सांगितलं, आणि तेही त्या पोरानं नंतर स्वतः मला सांगितल्यावर. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात बसला. मी विचारायचो, काही अडचण आहे का? तर उत्तर ठरलेलं, काई नाई सर. अडचण आहे म्हणणं म्हणजे आपण कमी पडलो हे कबूल करणं, ते आमच्याकडचं पोट्टं सहज करत नाही, वर्गासमोर तर नाहीच. झोपेचं तसं नाही. झोप न लागण्यात कोणाची बदनामी नाही, बापालाही लागत नाही, आजीलाही लागत नाही. म्हणून त्याचं खरं उत्तर येतं. आणि झोपेचं खरं उत्तर आलं की त्याच्या मागोमाग भूक येते, मग मन कशात लागतं-नाही लागत ते येतं, मग ज्या गोष्टीनं झोप उडवली ती गोष्ट येते. आता मी वर्गातही असंच विचारतो, एकेकट्याला, व्हरांड्यात, हजेरीचं निमित्त काढून.

यामागं शास्त्रही आहे. वयात येताना शरीरातलं घड्याळच पुढं सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं, म्हणून सोळा वर्षांच्या पोराला नऊ वाजता झोप येत नाही यात त्याचा हट्ट कमी आणि शरीर जास्त असतं. आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची. झोप मोडणं हे उदासीचं लक्षण आहे तसंच कारणही आहे, महिनोन्महिने झोप न मिळालेल्याला नैराश्य यायचा धोका वाढतो. मेंदूचा जो भाग आवेग आवरतो, थांब जरा विचार कर म्हणतो, तो पंचविशीपर्यंत घडतच असतो. आता हे आमच्या गावाला लावून पहा. पोरीला पाच वाजता उठून पाणी भरायचं, स्वयंपाकाला हातभार लावायचा आणि मानव विकास कार्यक्रमाची, मुलींना शाळा-कॉलेजला नेणारी निळी बस पकडायची. पोराला साडेचारला धावायचं. आणि रात्री मोबाईल आहेच, त्याला मी एकट्याला दोष देत नाही पण तो आहेच.

आणि रात्रीची लाईन. ही गोष्ट मला कुठल्याच मानसिक आरोग्याच्या भाषणात ऐकायला मिळालेली नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. शेतीपंपाची वीज आलटून-पालटून येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रब्बीत चण्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर रात्रीच्या पाळीत कोणीतरी ओलायला जायलाच पाहिजे. बापाचे गुडघे गेलेले, म्हणून जातं कोण, तर पोरगं. डिसेंबर-जानेवारीची थंडी, पाय चिखलात, हातात बॅटरी, रानडुकराची भीती, आमच्या टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला तर वाघाची. बारा वाजता लाईन येते, दोनला ट्रिप होते, पुन्हा येईल म्हणून तो धुऱ्यावर बसून राहतो. सकाळी तोच पोरगा माझ्या वर्गात असतो, डोळे लाल, आणि कोणी मास्तर त्याला म्हणतो रात्री काय दिवे लावले का रे. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची बोर्डाची परीक्षा. दिवसा वीज मिळावी म्हणून शासनानं २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, काही ठिकाणी दिवसाची लाईन आलीही. माझं म्हणणं आहे की दिवसाची लाईन ही आमच्या पोरांच्या मानसिक आरोग्याचीही योजना आहे, आणि ती तशी मोजली पाहिजे. पोराची झोप शाबूत ठेवणं हे समुपदेशनाच्या आधीचं काम आहे. झोपूच दिलं नाही तर समुपदेशक येऊन तरी काय करणार.

पोरींचं मी पुरुष म्हणून पूर्ण सांगू शकत नाही, जेवढं पाहिलं तेवढं सांगतो. बारावीची एक मुलगी, अभ्यासात चांगली. डिसेंबरपासून तिची दातखिळी बसायला लागली. वर्गात एकदम कोसळायची, मुठी आवळलेल्या, हाक मारली तर उत्तर नाही, दहा-पंधरा मिनिटांनी शुद्धीवर. मुली तिच्या नाकाला कांदा लावायच्या. घरच्यांनी बाहेरचं म्हणून दूर एका बाबाकडं नेलं, तिथं तिला दोन रात्री ठेवलं, केस धरून विचारलं तू कोण आहे म्हणून. त्यानंतर झटके वाढले. माझ्या सोबतच्या मॅडमनी आणि वहिनीनं मिळून तिच्या आईला यवतमाळच्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्यायला तयार केलं, आधी मिरगी नाही ना हे तपासायला, आणि ते तपासणं खरंच गरजेचं असतं, प्रत्येक दातखिळी मनाचीच असते असं धरून चालू नये. मिरगी निघाली नाही. मानसोपचार विभागात ती आत एकटी बसून बोलली तेव्हा कळलं की परीक्षा झाली की लग्न, मुलगा पाहून ठेवलेला, तिला एकदाही कोणी विचारलेलं नाही. तिनं नाटक केलं नव्हतं हे मला इथं जोर देऊन लिहायचंय, कारण वर्गातल्या अर्ध्या मुलांना आणि दोन शिक्षकांना तसंच वाटत होतं. तोंडाला बोलायची सोय नसली की शरीर बोलतं, ते माणूस ठरवून करत नाही. डॉक्टरांनी बापाला समोर बसवून समजावलं. लग्न पुढं ढकललं गेलं, रद्द झालं नाही. तेवढ्यानंही झटके कमी झाले. परीक्षा तिनं दिली.

पुस्तकातले आकडे आणि गावातलं चित्र जुळतं का, हे मी पाहत असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात १० ते १९ वयातल्या दर सात जणांपैकी एकाला काही ना काही मानसिक आजार असतो. आपल्या देशात बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात १३ ते १७ वयातलं प्रमाण ७.३ टक्के निघालं. कमीत कमी तेवढंच धरलं तरी माझ्या साठ मुलांच्या वर्गात चार-पाच जण. ते चार-पाच कोण हे हजेरीपटावर लिहिलेलं नसतं.

आता सरकारी सोयी कुठं पोचतात ते पहा. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला, तो १० ते १९ वर्षांसाठी. आपल्याकडं ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात त्याचं मैत्री क्लिनिक असतं, समुपदेशक बसतात, पाळीपासून ते मनापर्यंत काहीही बोलता येतं, फुकट. माझ्या वर्गातल्या कोणालाच हे माहीत नव्हतं, आता मी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहितो. दुसरीकडं आशाताईंकडं घरोघरी भरायचा जो मोठा तपासणी फॉर्म आहे, बीपी, शुगर, कॅन्सरवाला, त्यात शेवटी मनाबद्दलचे दोन प्रश्न आहेत, गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं किती वेळा झालं आणि उदास, निराश किती वेळा वाटलं. फार चांगले प्रश्न आहेत. पण तो फॉर्म ३० वर्षांवरच्यांचा. म्हणजे १९ पर्यंत एक योजना आणि ३० नंतर दुसरी, आणि मधला वीस ते एकोणतीसचा, जो माझ्या अभ्यासिकेत बसलेला आहे, जो बाजेवर दुपट्टा घेऊन पडलाय, जी नवीन लग्न होऊन आली आणि पहिल्या बाळंतपणानंतर गप्प गप्प राहते, त्यांच्या दारात हे दोन प्रश्न घेऊन कोणी जात नाही. शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आला, त्यात आशाताईंनी घरोघरी ताणतणावात असलेली माणसं शोधायची. चांगली कल्पना. पण सर्वेला गेलं की समोर येतो घरचा कर्ता. पोराला तर वाटतं आपलं काय, आपल्या नावावर तर कर्जही नाही.

गावातले लोक मानसिक आजारासाठी येतच नाहीत असं शहरातले डॉक्टर बोलतात, तेव्हा मला अमरावती जिल्ह्यातला विश्राम प्रकल्प आठवतो. तिथल्या ३० गावांत गावातल्याच माणसांना शिकवलं, ऐकायचं कसं, पहिला धीर द्यायचा कसा, पुढं कोणाकडं पाठवायचं. गावसभा घेतल्या, त्यावर समुपदेशक, त्याच्यावर मानसोपचारतज्ज्ञ अशी साखळी बांधली. आधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक उपचाराला जात होते, १८ महिन्यांनी २७.२ टक्के. २०१७ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्री या मासिकात त्याचा अभ्यास छापून आला. सहा पटीहून जास्त! आमच्याच वऱ्हाडातली गावं, तेच कोरडवाहू, तीच लाज. म्हणजे लाज होती पण ती दगडासारखी नव्हती. विचारणारा माणूस ओळखीचा आणि जवळचा असला की लोक गेले. माझ्या मते आपल्याला नवीन काही शोधायचंच नाहीये, एवढंच पुन्हा करायचंय आणि या वेळी पारावरच्या पोरांपर्यंत न्यायचंय.

उपचाराबद्दल दोन-चार गोष्टी साध्या भाषेत, कारण त्यावर आमच्याकडं फार गैरसमज आहेत. मानसोपचार म्हटलं की आजही लोकांना नागपूरचा पागलखाना आठवतो, प्रादेशिक मनोरुग्णालय, १८६४ पासूनचं. तिथं नेलं म्हणजे संपलं, सोयरीक होणार नाही. अहो, नैराश्याच्या, घाबरटीच्या बहुतेक पोरांना भरती करावंच लागत नाही. ओपीडीत केसपेपर निघतो, बोलणं होतं, गरज असली तर गोळी, नाहीतर नुसत्या बोलण्यानंही फरक पडतो. अशी ओपीडी यवतमाळला आहे, वर्ध्याकडं सेवाग्रामला आहे, सावंगीला आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसंही जिल्हा रुग्णालयातून काम करतात. नैराश्याची गोळी झोपेची गोळी नसते आणि तिची नशा लागत नाही. तिचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, आणि इथंच आमची पोरं मार खातात, आठ दिवसांत फरक नाही म्हणून बंद करतात, नाहीतर महिन्यानं बरं वाटलं म्हणून बंद करतात. वहिनी त्यांना म्हणते, "खत टाकलं का दुसऱ्या दिवशी बोंड लागते का?" डॉक्टरला न विचारता अचानक सोडायची नाही. आणि पंचविशीच्या आतल्यांनी सुरुवातीच्या आठवड्यांत डॉक्टरला पुन्हा पुन्हा दाखवायचं, घरच्यांनी लक्ष ठेवायचं, बेचैनी वाढली तर लगेच जायचं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या आणणं मात्र एकदम बंद.

आता जे लिहायला जड जातं ते. झोप, भूक, मन हे विचारून झाल्यावर शेवटचा एक प्रश्न असतो आणि तो विचारायला सगळे घाबरतात, मीही थांबतो एक क्षण. जीव नकोसा वाटते का बाबू? मरून जावं असं येते का मनात? लोकांना वाटतं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घालू. तसं होत नाही. याच्यावर अभ्यास झालेत, सरळ विचारल्यानं धोका वाढत नाही, उलट पोराला सुटल्यासारखं वाटतं की कोणीतरी हे बोललं. उत्तर हो आलं तर भाषण द्यायचं नाही, आईबापाचा विचार कर, लोक काय म्हणतील, असलं काही नाही. सोबत बसायचं, एकटं सोडायचं नाही, घरातल्या एका समजूतदार माणसाला त्याच्या देखत सांगायचं, आणि त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यायचं. घरातली फवारणीची औषधं त्याच दिवशी बाहेर काढायची, दुसऱ्याकडं कुलपात. कापसाच्या मुलखात हे सांगायलाच पाहिजे, कारण तो विचार बऱ्याचदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो, ती वेळ निघून गेली पाहिजे एवढंच. श्रीलंकेनं सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली, तिथं १९९५ नंतरच्या वीस वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास खाली आलं. म्हणजे हाताशी नसणं यानंही माणसं वाचतात.

आणि कोणी तसा प्रयत्न केलाच तर पोलीस केस होईल या भीतीनं दवाखान्यात उशिरा नेऊ नका, मिनिटं वाया घालवू नका. दवाखान्यात नोंद होते, ती होणारच. पण २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, मे २०१८ पासून लागू असलेला, त्याचं ११५ वं कलम म्हणतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, आणि त्याची काळजी घेणं हे शासनाचं काम. हे कलम माझ्या ओळखीच्या एका पोलीस पाटलालाही माहीत नव्हतं, त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं आणि खिशात ठेवलं. आणि व्हॉट्सअपवर अशा पोराचा फोटो, कसं केलं त्याचं वर्णन, कृपा करून कोणी फिरवू नका. गावातलं दुसरं एक पोट्टं तेच वाचत असतं, रात्री दोन वाजता, जागं.

फोनसाठी १४४१६. टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. राज्याचा आरोग्य सल्ल्याचा नंबर १०४ पण आहे. आमच्याकडं रेंज टाकीपाशी नाहीतर शाळेच्या गच्चीवर, आणि पोरींचं अवघड असं की घरात फोन एकच आणि तो भावाकडं. म्हणून आमच्या कॉलेजच्या एका मॅडम मधल्या सुट्टीत आपला फोन मुलीच्या हातात देतात, नंबर लावून देतात आणि स्वतः बाहेर जाऊन उभ्या राहतात. काय बोललीस विचारत नाहीत. मला वाटतं प्रत्येक शाळेत अशी एक बाई आणि एक गुरुजी असावेत, त्याला जीआर लागत नाही.

तो धावणारा पोरगा आता बरा आहे, आणि बरा म्हणजे नोकरी लागली असं नाही. गोळ्या चालू आहेत, यवतमाळला दर महिन्याला जातो, एका कृषी केंद्रात बसतो आणि सकाळी धावतो, पण साडेचारला नाही, सहाला. भरती निघाली तर फॉर्म भरणार म्हणतो. बाप त्याला आता ऐदी म्हणत नाही, निदान माझ्यासमोर तरी.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी आम्ही एक अर्ज लिहून ठेवलाय. त्यात दोन मागण्या. एक, उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमनी आठवड्यातून एक संध्याकाळ अभ्यासिकेच्या आतल्या खोलीत बसावं, दार लावून, वीस ते तीसच्या पोरापोरींसाठी, तेच दोन प्रश्न आणि झोपेचा तिसरा, मॅडम तयार आहेत, वरून परवानगी लागते. दोन, बोर्डाच्या परीक्षेच्या दोन महिन्यांत आमच्या फीडरला दिवसाची लाईन मिळावी असा ठराव वीज कंपनीला पाठवावा. ग्रामसेवक म्हणाले दुसरी मागणी शेतीच्या विषयात टाकू. मी म्हटलं नाही, दोन्ही आरोग्यातच राहू द्या. सह्या गोळा करणं चालू आहे, बायकांच्या सह्या पुरुषांपेक्षा जास्त झाल्यात.